बारावं खाचर

आयसेलिनमधल्या आमच्या घरातले दिवे गेले तेव्हा आत्या दूध आटवत होती. २९ ऑक्टोबर २०१२, सोमवार. सकाळपासून टीव्हीवर सॅन्डी वादळाचा घोषा चालला होता. पाणी भरून ठेवा, बॅटऱ्या आणा, खिडक्यांपासून लांब झोपा. आत्याचं आपलं एकच पालुपद, "आज कोजागरी आहे. चंद्राला दूध दाखवायचंय." चंद्र कुठला दिसायला! मागच्या अंगणातलं मेपल अंगात आल्यासारखं घुमत होतं आणि पाऊस आडवा पडत होता. मी तिला म्हटलं, आत्या, आजच्या दिवस चंद्राला माफ कर. तर म्हणाली, "अगं, फ्रीज बंद पडला की दूध नासणारच आहे. आटवून प्यायलेलं काय वाईट?"

अंधारात शेगडी काडेपेटीनं पेटवायची होती. देवापुढची काडेपेटी आणली. अठ्ठावीस वर्षं ह्या देशात राहून गॅसला काडी लावायची वेळ पहिल्यांदाच आली होती. आत्यानं काडी ओढली, निळी ज्योत उठली आणि तिच्या तोंडावर असा काही आनंद दिसला की जणू तिला कुणी माहेरी आणून सोडलंय. जायफळ किसता किसता म्हणाली, "आई असती तर आज खूश झाली असती. सगळ्या गावाचे दिवे मालवलेत."

आई म्हणजे तिची आई, माझी आज्जी. आणि तिच्या दिवे मालवण्याची गोष्ट सांगायची तर मला लालबागला जावं लागेल, तिथून मुळशीला, आणि मग परत इथं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी गोष्ट सरळ रेषेत सांगितली असेल तर तुम्ही भाग्यवान. आमच्याकडे ती कायम वळणावळणानं आली, आणि निम्मी वाटेत सांडली.

आमची लालबागची चाळ तीन मजली. खोली एक, माणसं नऊ. खोलीत एकच पिवळा बल्ब, वायरला लोंबकळणारा. आज्जीची सवय अशी की आम्ही पोरं अभ्यासाची वही मिटतोय न मिटतोय तोच खटका खाली. जेवायला बसलो की म्हणायची, "घास काय नाकात जानार हाय व्हय? इझव त्यो दिवा." संडासाच्या बाहेरचा, जिन्यातला, शेजारणीचा सुद्धा. शेजारणीशी तिचं यावरून वाजायचं. मला वाटायचं, सगळ्याच आज्ज्या काटकसरी असतात. पण बिल चाळमालक भरायचा, आमच्या भाड्यात ठरावीक रक्कम असायची. दिवा रात्रभर जळला तरी आमचा पैसा वाढत नव्हता. हे मी एकदा शहाणपणानं तिला सांगायला गेले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पैसं न्हाई गं. पानी जळतंय."

पाणी जळतंय! आम्ही भावंडं कितीतरी दिवस हे वाक्य म्हणून हसायचो.

आज्जी मुळशीची. मावळातली. पौडच्या पुढे, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे, जिथं मुळा आणि निळा नद्या भेटत तिथलं एक गाव. नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण आत्या एक सांगते, माझे वडील दुसरं सांगत, आणि आज्जी नुसतं "आमचं गाव" म्हणायची. तिच्या हिशेबी जगात तेवढं एकच गाव असावं.

त्या खोऱ्यात आंबेमोहोर पिकायचा. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेणी पसरून राब भाजायचा, त्यावर दाढ टाकायची, मृग लागला की रोपं वर, मग गुडघाभर चिखलात आवणी. डोक्यावर इरलं, पाठीवर पाऊस. बांधाच्या बिळांतून मुठे धरायचे आणि रात्री त्यांचा रस्सा. आज्जी सांगायची, भात फुलावर आला की चुलीवर न शिजवताच वास यायचा, आंब्याच्या मोहोरासारखा; पाहुण्याला घर विचारावं लागत नसे. ही शेवटची गोष्ट थोडी वाढवून सांगितलेली असणार. पण तिचा आवेश असा की कुणी शंका काढली नाही.

इथं ओक ट्री रोडवर वाण्याकडे 'आंबेमोहोर' लिहिलेली पिशवी मिळते. आत्या आली त्या जूनमध्ये मी मोठ्या हौसेनं ती घेतली. तिनं मूठभर तांदूळ तळहातावर घेतले, तोंडाची वाफ दिली, हुंगले, आणि पिशवीत परत टाकले. "नाव तेवढं आलंय," म्हणाली. "चालेल. खिचडीला होईल." बाकी ओक ट्री रोड तिला पसंत होता. साड्यांची दुकानं, पानाच्या गाद्या, ढोकळे, सोनार, रविवारी पार्किंगवरून होणारी भांडणं. "हे तर दादरच आहे," ती म्हणायची, "फक्त माणसं जास्त जाड."

असो. आज्जी सात वर्षांची असतानाची ही हकिकत. साल १९२१. टाटांच्या जलविद्युत योजना तोवर घाटमाथ्यावर रुजल्या होत्या. लोणावळ्याकडच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचं वीजघर १९१५ सालीच सुरू झालं होतं. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी वीज हवी होती, आणि ती स्वस्त पडत होती. आता पाळी मुळशीच्या धरणाची. पन्नासच्या वर गावं, सुमारे ११ हजार माणसं. जमिनी ताब्यात घ्यायला १८९४चा भूसंपादनाचा कायदा होताच, सार्वजनिक हिताचा. त्या सार्वजनिकात मुळशीचे मावळे बसत नव्हते.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. बाया, पोरं, म्हातारे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबलं. आज्जी आपल्या आईच्या कडेवर होती की बोट धरून होती, यावर घरात दोन पाठ आहेत. सात वर्षांची घोडी कडेवर कशी असेल, असं मी म्हणते. आत्या म्हणते, गर्दीत घेतलं असेल उचलून. आज्जीला त्या दिवसातल्या दोनच गोष्टींचं स्मरण होतं. एक, कुणीतरी सुंठवडा वाटला होता, आणि तिला दोनदा मिळाला. दुसरी, मोठी माणसं एका सुरात ओरडत होती, जान किंवा जमीन. तिला ते 'जानकीची जमीन' असं ऐकू आलं. रामनवमी होती ना! पुढं कितीतरी वर्षं तिला वाटत होतं की ती सगळी जमीन सीतामाईची होती आणि म्हणून लोक चिडले होते.

मोठी झाल्यावर मी मुळशीबद्दल मिळेल ते वाचलं. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे आपले सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ह्या लढ्यात तुरुंगात गेले. काम काही महिने थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवर पुस्तक लिहिलं. जगातला पहिला धरणविरोधी लढा, असं ते त्याला म्हणतात. त्यांनी मांडलेली एक गोष्ट वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. जमिनी कसणारे मावळे, पण बऱ्याच जमिनींची मालकी पुण्यातल्या सावकारांकडे गेलेली. नुकसानभरपाईचा आकडा वाढला तसा मालकवर्गाचा लढ्यातला रस ओसरला. कसणाऱ्याला जमीन हवी होती, मालकाला भाव.

हे मला पुस्तकातून कळलं म्हणून मी पुस्तक मिटलं नाही. हे मला आधीच ठाऊक होतं, फक्त दुसऱ्या भाषेत. आज्जी सांगायची, "बाच्या नावाचं पैसं आलं. सावकाराच्या घरी आलं. बानं अंगठा दिला आन् आम्हाला एक शेर गूळ मिळाला." तो सावकार कोण, कुठला, देव जाणे. गूळ मात्र तिला आठवत होता. काळा होता, म्हणायची, आणि त्यात खडे होते.

बापटांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. १९२४च्या अखेरीस त्यांनी कामावरची गाडी अडवली, पिस्तूल वापरलं आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. धरण उभं राहिलं. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. निसर्गानं पूर्वेला पाठवलेलं पाणी, जे मुळेतून भीमेला आणि भीमेतून पंढरपूरला विठोबाचे पाय धुवायला जायचं, ते बोगद्यांतून उलटं फिरलं आणि कोकणात पाचेकशे मीटर खाली कोसळलं. त्याची वीज झाली आणि तारांवरून मुंबईला गेली.

आणि तारांच्या मागोमाग आज्जीही. लग्न होऊन ती परळला आली, नवरा गिरणीत साचेखात्यात. ज्या पाण्यात गाव बुडलं त्या पाण्याच्या विजेवर चालणाऱ्या मागावर माझा आजोबा उभा राहिला, असं लिहायचा मोह होतोय; पण त्याच्या गिरणीला नेमकी कुठल्या तलावाची वीज यायची हे कोण सांगणार? आज्जीला असले प्रश्न पडत नसत. तिच्यापुरता मुंबईतला प्रत्येक दिवा मुळशीचा होता.

दिव्यांनी गिरणी कामगाराचं काय केलं तेही सांगून टाकते. पूर्वी उजेड असेल तोवर काम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि दिवस मावळायचाच थांबला. १९०५ साली कामगारांनी त्यावरून मुंबईत दंगा केला होता. आजोबांच्या काळात रातपाळी रुळली होती. ते सकाळी घरी यायचे, कानात रुई, आणि आज्जी खिडकीवर घोंगडी टांगून दिवसाची रात्र करायची. तेवढ्यापुरता अंधार विकत घ्यावा लागत नव्हता, ही तिची भाषा.

आता इथला किस्सा. आमच्या घरापासून दोनेक मैलांवर मेन्लो पार्क आहे. एडिसन ह्या गावाचा भाग. तिथं थॉमस एडिसनची प्रयोगशाळा होती, आणि १८७९च्या ऑक्टोबरात तिथंच त्याचा दिवा टिकला. जागेवर आता एक बुरूज आहे, १९३८ साली उद्घाटन झालेला, माथ्यावर काचेचा भलामोठा बल्ब. मी अठ्ठावीस वर्षं त्याच्या जवळून गाडी हाकलत होते. नोकरी एका वीज कंपनीत, फोनवर लोकांच्या बिलांच्या तक्रारी ऐकायची. तरी आज्जीचं वाक्य आणि हा बुरूज यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडली नव्हती. माणूस रोजच्या रस्त्यावर आंधळाच असतो.

सप्टेंबरात आत्याला घेऊन गेले. बुरूज बाहेरूनच बघायचा, शेजारी छोटंसं संग्रहालय. तिथले एक वयस्कर स्वयंसेवक फार प्रेमानं सांगत होते आणि मी मराठीत उतरवत होते. त्यांनी सांगितलं, एडिसननं नाना वस्तू जाळून बघितल्या, शेवटी शिवणाच्या साध्या सुती दोऱ्याचा कोळसा करून काचेत घातला, तो तासन् तास जळला. आत्या थांबली. "सुताचा दोरा?" तिनं मला पुन्हा विचारायला लावलं. मग म्हणाली, "बाबांना हे माहीत पाहिजे होतं. जन्मभर सूत हाताळलं बिचाऱ्यानं."

१८७९च्या ३१ डिसेंबरला दिवे बघायला लोक न्यूयॉर्कहून खास गाड्यांनी आले होते. त्याच मार्गावर आमचं मेट्रोपार्क स्टेशन आहे, १९७१ साली झालेलं, जिथून निम्मं आयसेलिन रोज सकाळी डबा घेऊन न्यूयॉर्कला जातं. आत्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिनं विचारलं, "ह्याच्या आधी इथं कोण राहायचं?" मी म्हटलं, लेनापी लोक. एडिसन गावाचं नाव १९५४पर्यंत रॅरिटन होतं, नदीचंही तेच, आणि ते नाव त्यांच्यातल्याच एका जमातीचं. "मग ते कुठं गेले?" त्यांचे वंशज ओक्लाहोमात आहेत, कॅनडातल्या ऑन्टॅरिओत आहेत. "एवढ्या लांब?" मी म्हटलं, हो, हलवत हलवत नेलं. आत्यानं मान हलवली. नाव ठेवायचं आणि माणसं पाठवायची हा प्रकार तिला नवा नव्हता.

निघता निघता त्या गृहस्थांनी हेन्री फोर्डची गोष्ट सांगितली. एडिसन हा फोर्डचा देव. १९२९ साली त्यानं ही प्रयोगशाळा मिशिगनमध्ये डिअरबॉर्नला पुन्हा उभी केली. जुन्या फळ्या शोधून नेल्या, आणि जमीन खरी वाटावी म्हणून इथली लाल मातीही रेल्वेच्या डब्यांत भरून नेली.

"माती पण?"

"माती पण."

गाडीत बसल्यावर आत्या कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आईनं चिखल हुंगला होता, आठवतं तुला?"

आठवतं तर! एका साली आज्जी, आत्या आणि मी मुळशीला गेलो होतो. मी म्हणते १९६९. आत्या म्हणते माणूस चंद्रावर जाऊन आला होता, एसटीतले लोक तेच बोलत होते, म्हणजे सत्तर. मे महिना होता हे नक्की, कारण पाणी उतरलं होतं. पौडहून पुढे एक लाल एसटी, मग चाल. बरोबर तांदळाच्या भाकरी, लसणाची चटणी आणि तळलेलं सुकट, फडक्यात बांधलेलं. तळं दिसलं तेव्हा मी "काय सुंदर!" असं ओरडले आणि आत्यानं मला चिमटा काढला.

पाणी हटलेल्या उतारावर बांधांच्या रेघा दिसत होत्या. म्हाताऱ्याच्या कपाळावर असतात तशा, एकाखाली एक. आज्जीनं चपला काढल्या, लुगडं खोचलं आणि उतरली. आम्ही मागे. ती मोजत होती, बोट करत होती, मधेच थांबून परत पहिल्यापासून. एक गुराखी पोरगा आला. त्यानं सांगितलं, हे तुमचं गाव नाहीच, तुमचं पलीकडं, ते उघडं पडत नाही, ते कायम पाण्यात. आज्जी त्याच्यावर भयंकर उखडली. तुला काय कळतंय, तू जन्मला कधी! मग वाकून तिनं मूठभर चिखल उचलला. नाकाशी धरला. बोटांत चोळला. मला वाटलं आता ही रडणार. ती म्हणाली, "ह्यो गाळ हाय. माती न्हाई." आणि हात धुऊन भाकरी सोडायला बसली. सुकटावर कांदा हवा होता यावर तिची आणि आत्याची बोलाचाली झाली.

त्यानंतर ती पुन्हा गेली नाही. आता तिथं रिसॉर्टं आहेत. भिऱ्याहून सोडलेल्या पाण्यावर कुंडलिका नदीत, कोलाडला, लोक हवेच्या होड्यांतून गंमत करतात. माझा भाचा जाऊन आला. फोटो पाठवले. मी अंगठा दाखवला, दुसरं काय करणार?

तर सॅन्डीची रात्र. दूध आटलं, आम्ही दोन भांड्यांत घेतलं, खिडकीशी बसलो, आणि आत्या खाचरांची नावं सांगायला लागली. आज्जीच्या बाकडे बारा खाचरं होती. मालकीची की खंडाची, कोण जाणे, पण नावं होती. मेणबत्तीच्या उजेडात मी विजेच्या बिलाच्या पाकिटामागे लिहून घेतली. घराम्होरलं. मोठं. वडाखालचं. चिंचोळं. देवाचं. करंजीचं. दगडी. म्हातारीचं. कुंभाराचं. वरचं पाणथळ. सासुरवाडीचं, ज्याला सासुरवाडीचं का म्हणत ते कुणालाच माहीत नाही. अकरा झाली. बारावं येईना. आत्या बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत राहिली, कपाळावर हात मारून घेत राहिली. "जिभेवर आहे गं," म्हणे.

वीज सहाव्या दिवशी आली. तोवर पेट्रोलसाठी सम-विषम नंबरांच्या रांगा लागल्या, पुढच्या आठवड्यात बर्फही पडून गेला. आमचं नुकसान म्हणजे फ्रीजमधली पुरणं आणि मेपलची एक फांदी. आयसेलिन तसं उंचावर. पण आयसेलिन ज्या वुडब्रिज टाउनशिपमध्ये मोडतं, तिचा पूर्वेचा भाग सखल आहे. वुडब्रिज नदी तिथून दलदलीतून आर्थर किलच्या खाडीला मिळते. त्या रात्री पौर्णिमा. चंद्रानं आत्याचं दूध बघितलं नाही, पण समुद्राला उधाण आणलं, आणि वादळानं ते उधाण नदीत उलटं लोटलं. वॉटसन-क्रॅम्प्टन नावाच्या वस्तीत घराघरांत पाणी शिरलं.

तिथं माझी ऑफिसमधली एक मैत्रीण राहायची. आईबाप हंगेरीहून आलेले, घर वडिलांनी हातानं दुरुस्त करत करत वाढवलेलं. आदल्या वर्षी आयरीन वादळातही तिचं तळघर भरलं होतं. पुढच्या वर्षी सरकारची माणसं आली. न्यू जर्सीत 'ब्लू एकर्स' नावाची योजना आहे, पूर येणारी घरं सरकार विकत घेतं, पाडतं आणि जमीन मोकळी सोडतं, पुन्हा तिथं बांधकाम नाही. ती कागद घेऊन माझ्याकडे आली, कारण मी आकड्यांत काम करते अशी तिची समजूत. आत्या तोवर डोंबिवलीला परत गेली होती. मी रविवारी फोनवर तिला सांगितलं.

आत्या चौथी शिकलेली. तिनं विचारलं, "भाव कुठला धरलाय? पाणी यायच्या आधीचा का नंतरचा?"

मी म्हटलं, आधीचा. वादळापूर्वी घराची जी किंमत होती ती.

"मधे सावकार आहे?"

सावकार नाही, पण घरावर बँकेचं कर्ज असेल तर ते आधी फिटतं.

"म्हणजे आहे. बरं, नको म्हणाली तर?"

नको म्हणता येतं. जबरदस्ती नाही.

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग आत्या म्हणाली, "चांगलंय." आणि लगेच, "पण शेजारीपाजारी गेल्यावर ती एकटी नको कशी म्हणेल?"

हे तिनं अगदी बरोबर धरलं. मैत्रिणीच्या गल्लीत एकानं सही केली, मग दुसऱ्यानं. काहींनी घर उंच खांबांवर उचलून घेतलं आणि राहिले. पुराच्या विम्याचे हप्ते वाढणार होते. शेवटी तिनं सही केली. माझ्या टेबलाशी बसून, माझ्याच पेनानं. रडली. मी चहा केला, आलं घालून. तिला पैसे मिळाले, पूर्ण मिळाले, त्यातून तिनं पेन्सिल्व्हेनियात मुलीजवळ छोटं घर घेतलं. तिचं आणि आज्जीच्या बाचं दुःख एका तागडीत घालायची माझी तयारी नाही. आपल्याकडे धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानं १९७६ साली केला. देशात तो पहिला म्हणतात, पण मुळशीच्या रामनवमीनंतर तोवर पंचावन्न वर्षं गेली होती आणि मधे कोयना होऊन गेली होती. त्या पंचावन्न वर्षांत आज्जीसारख्या किती जणींनी गाळ हुंगला असेल!

वॉटसन-क्रॅम्प्टनमध्ये शंभरावर घरं गेली. रटगर्स विद्यापीठाच्या लोकांच्या मदतीनं तिथं पुन्हा पाणथळ जमीन आणि झाडं येऊ देण्याचं काम सुरू झालं, म्हणजे पुढच्या वेळी पाण्याला पसरायला जागा मिळेल आणि मागची घरं वाचतील. सुज्ञपणाचं आहे. वसंतात मी कधीमधी गाडी तिकडे वळवते. रस्ता आहे, कडेचे विजेचे खांब आहेत, घरं नाहीत. लालपंखी काळे पक्षी लव्हाळ्यांवर झोके घेतात. आणि मोकळ्या गवतात मधेच डॅफोडिलांची सरळ ओळ उगवते, पाच-सहा पावलांची, मग काटकोनात वळते. तिथं कुणाचीतरी पायवाट दारापाशी वळत असणार.

मैत्रिणीनं जाताना आईनं लावलेल्या लायलॅकची मुळं खणून नेली, बादलीभर मातीसकट. हे मी आत्याला फोनवर सांगितलं.

"बादलीभर?"

"बादलीभर."

"बरं केलं पोरीनं," आत्या म्हणाली, जणू ती तिच्याच गल्लीतली.

मग २०१४चा मार्च. रात्री अडीचला फोन वाजला. परदेशात राहणाऱ्यांना ठाऊक आहे, अडीचच्या फोनचा अर्थ काय असतो. माझे हातपाय गार. अंधारात धडपडत फोन उचलला, पलीकडे डोंबिवलीतली भरदुपार, कुकरची शिट्टी, आणि आत्या.

"बेडक्या!"

"काय?"

"अगं बेडक्या! बारावं. बेडकं फार व्हायची त्यात, म्हणून. आत्ता भात टाकताना आठवलं. लिहून घे, नाहीतर परत जाईल."

मी दिवा लावला, कपाटातून ते पाकीट काढलं आणि सासुरवाडीच्या खाली लिहिलं. "लिहिलंस का?" लिहिलं. "काय लिहिलंस, वाच." वाचलं.

"हां," ती म्हणाली. "जेवलीस ना?"